लाइनवरची गादी

आमच्या आम्रपालीचं नाक म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. मी चाकणजवळ कुरुळीत कंपनीतल्या पोरांचे डबे करते. तळणीचं तेल दुसऱ्यांदा गॅसवर चढलं, की मधल्या भिंतीपलीकडून आवाज आलाच, “शालनमावशी, तेल कालचं का हो?” ज्या बाईनं खोलीमालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सरळ केलंय, तिला असं विचारायची कुणाची टाप आहे? पण ही विचारते. आणि तेल खरंच कालचं असतं, म्हणून माझं डोकं आणखी फिरतं.

हे नाक काही ती जन्मतः घेऊन आली नव्हती. कंपनीनं दिलं.

चाकणला गाड्यांच्या सीटा बनतात, तिथं ती लग्नाआधीपासून कामाला होती. दोन केमिकलं एका साच्यात सोडायची, झाकण लावायचं, आत ती फुगतात आणि मऊ फोम तयार होतो. साचा उघडून तो गरमागरम बाहेर ओढायचं काम हिचं. त्याच लाइनवर धम्मरत्न होता. परभणीकडचा, अबोल, कामाला वाघ. दोघांचं जमलं, लग्न झालं, माझ्या शेजारची खोली घेतली. मग हळूहळू हिला खोकला लागला. आणि खोकला तरी कसला, तऱ्हेवाईक! कंपनीत असताना फारसं काही नाही. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, की सुरू. सुट्टीच्या दिवशी बाई ठणठणीत. कामावर गेली, की संध्याकाळी पुन्हा तेच. मी काढा दिला, हळद-दूध दिलं, दही बंद केलं. एके दिवशी श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनी आधी कामाचं विचारलं. म्हणाले, हे केमिकल एकदा छातीला बाधलं की छाती ते विसरत नाही, पुढं जरासं नाकात गेलं तरी पुरतं, काम सोडा. तिनं सोडलं. धम्मरत्न तिथंच राहिला. घर चालवायचं तर दोघांपैकी एकानं तरी राहायलाच हवं होतं.

तेव्हापासून तिच्या पर्समध्ये दम्याचा निळा पंप असतो आणि मनात भीती असते.

मग तिला दिवस गेले. बायका अशा वेळी चिंचा-बोरं मागतात. हिचा आपला एकच विषय, लेकराच्या पाळण्यात गादी कशाची घालायची? मी म्हटलं, अगं, लेकरू तर येऊ दे. तर म्हणते कशी, “मावशी, तान्हं लेकरू दिवसभर कुठं असतं? गादीवर. नाक कुठं असतं त्याचं? गादीला लागून. वास आला म्हणून त्याला उठून दुसरीकडं जाता येतं का?” मला आधी हसू आलं. पण बोलताना तिचा हात छातीवर होता.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. त्या कंपनीत लाइनवरच्या कुणाच्या घरी लेकरू झालं, की लाइन त्याला गादी देते. हा रिवाज कुणी पाडला देव जाणे. सगळे मिळून फोम कापतात, थर चिकटवतात, कव्हर शिवणाऱ्या बाया त्यावर हत्ती-घोड्यांचं कापड चढवतात, आणि नाव ठेवायच्या दिवशी गादी मिरवत आणतात. सुपरवायझर तेवढ्यापुरता आंधळा होतो. आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं त्याच गाद्यांवर वाढलीत. धम्मरत्नचा जोडीदार नवनाथ आमच्या समोरच्याच खोलीत राहतो, त्याची दोन्ही पोरंही त्यावरच. ती गादी नको म्हणणं म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट लाथाडून उठणं.

“अहो, आपल्याला गादी नको म्हणून आधीच सांगून टाका ना,” आम्रपाली रोज म्हणायची.

“सांगतो,” धम्मरत्न रोज म्हणायचा.

पुरुषांचं हे ‘सांगतो’ मला चांगलं माहीत आहे. आमच्या मालकांनी असंच ‘सांगतो’ म्हणत म्हणत जन्म काढला.

शेवटी ती म्हणाली, आपणच चांगली गादी आधी आणून ठेवू, म्हणजे प्रश्नच मिटला. मलाच बरोबर घेऊन भोसरीला निघाली. पहिल्या दुकानात दुकानदारानं गुलाबी गादी पुढं केली. बोट दाबलं तर अख्खं बोट आत जाईल इतकी मऊ. हिनं कव्हरची चेन उघडली आणि सरळ नाक आत घातलं. दुकानदार बघतच राहिला. “मॅडम, गादी आहे ती, आमटी नाही!” मला हसू आवरेना. पण हिनं तोंड वर काढलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि पंप ओढला. माझं हसू जागच्या जागी मेलं.

दुसऱ्या दुकानात कव्हरवर पानं-फुलं छापलेली, वर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेलं. हिनं विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, काथ्या. काथ्या कशानं चिकटवलाय? “ते मला काय माहीत? बनवणाऱ्याला विचारा.” तिसरा जरा समजूतदार निघाला. म्हणाला, “ताई, नव्या वस्तूला वास यायचाच. आठ दिवसांत जातो.”

“कुठं जातो?” आम्रपालीनं विचारलं. त्यानं मान खाजवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परतताना बसमध्ये ती दोन्ही हात पोटावर घट्ट धरून बसली होती. ते बघून मलाही भीती वाटायला लागली. तोवर मला वाटायचं, पोर जरा नाजूक मनाची आहे. त्या दिवशी वाटलं, हिचं खरं असलं तर?

मग कुणीतरी कासारवाडीचं सांगितलं. स्टेशनजवळ कोंडीराम म्हणून एक म्हातारा कापूस पिंजून गाद्या भरतो. गेलो. कापूस म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता. हिनं ढिगातला मूठभर कापूस उचलून उजेडात धरला. त्यात निळे, लाल, काळपट धागे.

“बाबा, हा चिंध्यांचा आहे.”

“पिंजला की सगळा कापूसच की,” कोंडीराम म्हणाला.

“चिंध्या कुठल्या?”

“कुठल्या म्हणजे? मिळंल तिथल्या. शिलाईच्या कारखान्यातल्या असत्यात, वर्कशॉपातल्या असत्यात.”

वर्कशॉपातल्या चिंध्या म्हणजे मशीन पुसलेल्या. आम्रपालीनं हातातला कापूस असा टाकला, जसा काही विंचूच. मग मात्र मी पुढं झाले. म्हटलं, “ए बाबा, तुझ्या नातवाला घालशील का यावर?” माझं तोंड सुटलं की थांबत नाही. म्हातारा बिचारा नमला. ठरलं ते असं, की कापूस नवा, सरकी काढलेला, आमच्या डोळ्यांसमोर पिंजायचा आणि धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात भरायचा. तोही इतका घट्ट, की वर हात दाबला तर ठसा उमटू नये. आणि गादी पाळण्यात चारी बाजूंनी चपखल बसली पाहिजे, कडेला फट नको. हे घट्टपणाचं आणि फटीचं गरोदर बायकांना बघायला येणाऱ्या आमच्या आशाताईंनी बजावून सांगितलं होतं. मऊ गादीत तान्ह्याचं तोंड रुततं, त्याला मान वळवता येत नाही. पाठीवर झोपवायचं, डोक्याखाली उशी नाही, बाजूला लोड नाही.

गादी आली. कडक, पांढरी, बिनवासाची. आम्रपालीनं तिच्यावर गाल टेकवला आणि हसत कितीतरी वेळ तशीच राहिली. त्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

बाळंतपणाला परभणीहून सासू आली, चिमाबाई. येताना मोहरीची उशी शिवून आणलेली, लेकराचं डोकं गोल व्हावं म्हणून. गादीवर थाप मारून म्हणाली, “ही गादी हाय का पोळपाट? लेकराची पाठ मोडंल की गं!” आम्रपालीनं मोहरीची उशी कपाळाला लावली आणि पेटीत ठेवून दिली. चिमाबाई दोन दिवस फुगून बसली. पण मुलगी झाली, गोरीगोमटी, भरल्या अंगाची, आणि तिला बघून सासूचा फुगा आपोआप उतरला.

नाव ठेवायचा दिवस आला. पाहुणे, शेजारी, सगळे त्या एका खोलीत. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावलेल्या, त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. पांढऱ्या साडीत आम्रपाली छान दिसत होती. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मुलीचं नाव साक्षी ठेवलं. मी खिरीच्या वाट्या भरत होते, आम्रपाली त्या पाहुण्यांना देत होती.

तेवढ्यात बाहेर शिट्ट्या, आरडाओरडा. लाइन आली!

पुढं नवनाथ, डोक्यावर गादी, तिच्यावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. “जयभीम वहिनी! जयभीम काकू! सरका, सरका!” आत येऊन त्यानं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. “आणि धम्मा, ऐक भावा, रिजेक्ट मालातली नाही हां ही. आजवर सगळ्यांना रिजेक्टमधली दिली, तुझ्या पोरीला पहिल्या नंबरचा पीस! रात्रपाळी सुटता सुटता साच्यातून काढला, सकाळीच शिवून घेतला. हात लाव, अजून कोमट लागंल!”

तव्यावरची भाकरी वाढावी तशा मायेनं बोलत होता तो. एरवी तो माल रॅकवर पडून वारा खातो, मग कुणाच्या तरी घरी जातो. या वेळी मान द्यायचा म्हणून ताजा आणला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मरत्ननं बायकोकडं पाहिलं, दोस्तांकडं पाहिलं, आणि ओशाळं हसला. त्यानं ‘सांगतो’ म्हटलेलं कुणाला सांगितलंच नव्हतं.

“ठेवा की लेकराला, फोटू काढू,” चिमाबाई म्हणाली. कापसाच्या गादीवरच ती हत्ती-घोड्यांची गादी अंथरली, आणि तिनं साक्षीला वर ठेवलं. पोर इतकी आत गेली, की दोन्ही बाजूंनी फोम वर आला. तिनं तोंड वळवलं, गाल आत रुतला.

आम्रपालीच्या हातातली वाटी खाली पडली.

“काढा ते,” ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. “काढा म्हणते ना!” ती गर्दीतून घुसली, लेकराला उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. “मावशी, हिला बाहेर न्या. बाहेर न्या आधी!”

मी पोरीला घेऊन गॅलरीत आले, पण दारातच उभी राहिले. लक्ष सगळं आत. 

“अगं, माणसं प्रेमानं आलीत,” धम्मरत्न हळू आवाजात म्हणाला. “वास-बिस काही नाहीये. मला तर काहीच येत नाही.”

“वहिनी, आमची पोरं नाही का वाढली यावर?” नवनाथचा चेहरा पार उतरला होता.

“आमी का लेकरं वाढिवली न्हाईत?” चिमाबाई कडाडली. “आली मोठी वास घेणारी! चार माणसांत लेकाची मान खाली घालायला लावतीस व्हय?”

आम्रपालीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग पाळण्यातून ती गादी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. “तुम्हाला कुणालाच वास येत नाही ना? मग मी झोपते हिच्यावर. मी धडधाकट उठले तर खुशाल ठेवा माझ्या लेकराला.”

आणि ती पांढऱ्या साडीत, भरल्या घरात, गादीवर पालथी झोपली. लेकराचा गाल जिथं होता तिथंच स्वतःचं तोंड खुपसून.

कुणीतरी फिदकन हसलं. मी ओरडले, “आम्रपाली, ऊठ! वेड लागलं का तुला? धम्मा, अरे उचल तिला!” पण तो लाजेनं लाल होऊन नुसता उभा. त्याला वाटलं, बायको रुसलीय, उठेल. सगळ्यांना तसंच वाटलं. मी तेवढी तिचे खांदे बघत होते. आधी हळू वर-खाली होत होते. मग भरभर. मग मान ताणली गेली, हाताची बोटं जमीन ओरबाडायला लागली, आणि त्या बंद खोलीत ती शिट्टी वाजली. बारीक, लांब. मी ती आधी ऐकलेली होती. 

धम्मरत्ननं झडप घालून तिला उताणं केलं. ओठ निळसर पडलेले. “पंप! पंप कुठंय? पर्स कुठंय?” पर्स आहेरांच्या ढिगाखाली कुठंतरी. तो सगळं उधळत सुटला, साड्या, टॉवेल, खेळणी, सगळं. नवनाथनं खिडकीला लाथ घालून ती उघडली. चिमाबाई जमिनीवर बसून कपाळ बडवत होती, “माझी सून, माझी सून!” आणि माझ्या खांद्यावर साक्षी शांत झोपलेली. मी मनात म्हणत होते, बाई गं, आई राहते का तुला? पंप सापडला, दिला, पुरला नाही. नवनाथनं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि रिक्षाकडं धावत सुटला.

ऑक्सिजन लागला, सुई लागली, पण वाचली. डॉक्टरांनी खडसावून विचारलं, हा काय प्रकार? ऐकल्यावर म्हणाले, “हिची छाती आधीच दुखावलेली, म्हणून इतकं झालं. लेकराला लगेच असं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण कोवळ्या छातीवर ताज्या फोमचा प्रयोग कशाला करून बघायचा? आणि इतक्या मऊ गादीवर तान्हं झोपवायचंच नसतं, मग वास असो-नसो.”

मी काही डॉक्टर नाही, त्यामुळं मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. “लेकराला गादी पाहिजे तशी आईपण पाहिजे, कळतं का?”

ती तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, “मावशी, माझं कुणी ऐकत होतं का? माझ्या छातीचं ऐकलं सगळ्यांनी.”

ती गादी नवनाथनं स्वतः नेली, कुठं टाकली त्यानंच जाणे. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरांच्या गाद्याही गॅलरीच्या कठड्यावर दिसल्या, भर उन्हात. चिमाबाई गावाला जाताना पोळपाट म्हणून हिणवलेल्या त्या कापसाच्या गादीवरून हात फिरवून गेली. आणि धम्मरत्न? तो तर पार बदलला. कामावरून आला की खोलीत पाऊलसुद्धा टाकायचा नाही. गॅलरीच्या टोकाला आमचं बाथरूम आहे, सरळ तिथं. कपडे बादलीत, आणि अंगावर नळ सोडून अशी लांबलचक आंघोळ, की आम्ही रांगेत ताटकळायचो. मी म्हटलं, असू दे बाई, शहाणा झाला एकदाचा. आंघोळ करूनही तो पोरीला लगेच घ्यायचा नाही. दारात उभा राहून लांबूनच बघायचा. मला वाटलं, किती जपतोय.

परवा संध्याकाळी मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. बाथरूममध्ये नळ धो-धो चालू. आम्रपाली हातात टॉवेल घेऊन दाराशी उभी, कान दाराला लावलेला. मी म्हटलं, “काय गं, नवऱ्यावर पाळत?” तिनं बोट ओठावर ठेवलं. तिचा चेहरा बघून माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

“मावशी,” ती कुजबुजली, “सुट्टीच्या दिवशी दोन तांबे ओतून बाहेर येतात. कामाच्या दिवशीच एवढं पाणी का लागतं यांना?”

मला काही कळेना. म्हणजे कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

बाथरूमच्या पाण्याचा कॉक बाहेर आहे, दाराच्या वर. तिनं टाचा उंच केल्या, हात वर नेला आणि तो फिरवला. आतली धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. आणि मग आतून खोकला ऐकू आला. कोरडा, एकामागून एक, थांबेना. शेवटी छातीतून आली ती शिट्टी, अजून अगदी बारीक.

“पाणी गेलं का गं?” आतून धम्मरत्ननं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मीच बंद केलं. दार उघडा.”

खोलीत साक्षी आपल्या कडक गादीवर हातपाय पसरून झोपली होती. बाथरूममधून पुन्हा खोकला आला, या वेळी तोंड दाबून. कडी काही वाजली नाही.